बिंगच्या ओळीतलं झाड

आमच्या आबांच्या वहीत माणसांची नावं कमी आणि झाडांची जास्त. माणसं आली तर उधारीपुरती. एका पानावर माझ्या आत्याच्या लग्नाची तारीख आहे. तीसुद्धा त्या आठवड्यात कलमं बांधायला गडी मिळाले नाहीत म्हणून नोंदलेली. कुठल्या झाडाची काडी आणली, किती कोयी रुजल्या, किती कलमं लागली, किती गेली. गेलेल्या कलमांसमोर फुली. आजी गेली त्या दिवशी पान कोरं आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीच्या काड्यांचा हिशेब.

आबांची रत्नागिरीकडे नर्सरी होती, म्हणजे परसात बांबूचा मांडव आणि मातीच्या पिशव्या. कलम म्हणजे झाडही आणि लेखणीही, हे मला शाळेत कुणी शिकवावं लागलं नाही. पण दोन्हींची सुरी वेगळी असते हे मात्र मार खाऊन शिकले. कलमाच्या सुरीने मी एकदा पेन्सिल तासली होती. "धार गेली गो तिची," म्हणत आबांनी जो धपाटा घातला, तो अजून आठवतो.

हे सगळं वर आलं ते पोर्टलंडच्या शनिवारच्या बाजारात. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, ऑरेगनमध्ये, मी नोकरीनिमित्त आले त्याला आता बरीच वर्षं झाली. जुलै लागला की इथे चेरीचे ढीग लागतात आणि प्रत्येक ढिगावर पुठ्ठ्याची पाटी असते. लॅम्बर्ट, रॉयल ॲन, रेनियर, बिंग. आंब्यासारखंच, नाव विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. (आपल्याकडे केकवर बसते ती लाल चेरी बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं, रंगवलेलं करवंद असतं, हे मी इथल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्यांना फसवल्यासारखं वाटतं. मला उलट करवंदाचं कौतुक वाटतं.) गडद काळपट, टणक, मोठाली ती बिंग. हे नाव कुणाचं, असं मी एका विक्रेत्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, एका चिनी माणसाचं. इथून थोडं दक्षिणेला, मिलवॉकीत झाली ही चेरी. मग मी वाचत सुटले.

वाचायला गेले बिंगबद्दल, आणि भेटला हेंडरसन लुएलिंग.

हेंडरसन 1809 साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मला. घराणं क्वेकर, म्हणजे शांततावादी ख्रिस्ती पंथाचं, आणि फळझाडांची कलमं करणं हा घरचा धंदा. तिथून इंडियाना, तिथून 1837 साली आयोवातलं सेलम गाव. तिथे भाऊ जॉनबरोबर नर्सरी. सेलम मिसुरीच्या सरहद्दीपासून एका रात्रीच्या पायपिटीवर. मिसुरीत गुलामगिरी होती, आयोवात नव्हती. लुएलिंगच्या दगडी घरात जमिनीला एक झडप होती आणि तिच्याखाली माणूस रांगत जाईल एवढी जागा. पळून आलेल्यांना तिथे लपवायचं आणि पुढे पोचवायचं. गावातल्या क्वेकरांना गुलामगिरी नको होती, पण इतकी उघड भानगडही नको होती. त्यांनी हेंडरसन आणि त्याच्यासारख्यांना पंथाबाहेर काढलं, आणि यांनी आपली वेगळी, गुलामगिरीविरोधी सभा मांडली. ते घर अजून उभं आहे, त्याचं संग्रहालय झालं आहे.

कलमं करणाऱ्या माणसाला सरहद्दीचं फारसं वाटत नसावं, असं मला उगाच वाटून गेलं. एका झाडाची काडी दुसऱ्याच्या अंगावर वाढवायची, हा त्याचा रोजचा व्यवहार. पण हे माझं लाडकं मत आहे. आबांनी आयुष्यभर कलमं केली आणि आमच्या विहिरीवर कोणी पाणी भरायचं याचे त्यांचे नियम शेवटपर्यंत बदलले नाहीत.

तर हा माणूस 1847 च्या एप्रिलमध्ये ऑरेगनला निघाला. बायको जेन, आठ मुलं, आणि जेनच्या पोटात नववं. आणि एका बैलगाडीत झाडं. गाडीच्या साट्यात बरोबर बसतील अशा दोन पेट्या केलेल्या, 12 इंच खोल. त्यांत माती, कुजलेलं खत आणि कोळशाची पूड. त्यांत सुमारे 700 रोपं, हातभरापासून छातीएवढी: सफरचंद, नासपती, चेरी, प्लम आणि आणखी काही. गुरांनी पाला खाऊ नये म्हणून भोवती हिकरीच्या लवचिक पट्ट्यांचं कुंपण. तीन हजारांहून जास्त किलोमीटरचा रस्ता, आणि झाडांना रोज पाणी.

रोज पाणी, हे दोन शब्द वाचून मी पुस्तक मिटलं. मे महिन्यात आबा आम्हा नातवंडांना कळशी देऊन मांडवाखाली सोडायचे. हजारभर पिशव्या, प्रत्येकीला तांब्याभर, पाण्याची धार मुळाशी, पानावर नाही. विहीर वीस पावलांवर होती तरी आम्ही रडकुंडीला यायचो. ही माणसं प्लॅट नदीच्या काठाकाठाने, मग तीही सोडून कोरड्या पठारावरून, बैलांच्या तोंडचं पाणी झाडांना घालत गेली. बरोबरच्या लोकांनी सांगून पाहिलं, गाडी जड आहे, बैल मरतील, टाकून दे. बैल मेलेही. हेंडरसनने ऐकलं नाही. शेवटी त्याचं बिऱ्हाड बहुतेक वेळ वेगळंच, आपल्या चालीने चालत राहिलं.

एवढा आटापिटा कशासाठी? बिया खिशात घालून नेता आल्या नसत्या का? नेल्या होत्या की लोकांनी. कोलंबिया नदीपलीकडे, फोर्ट व्हँकूव्हरमध्ये, 1826 साली बी लावून आलेलं सफरचंदाचं झाड होतं. लंडनच्या मेजवानीत कुणीतरी सफरचंद खाऊन बिया कोटाच्या खिशात टाकल्या, त्यांतून ते उगवलं अशी गोष्ट सांगतात. ते झाड 2020 पर्यंत जगलं. आम्ही मुलीला घेऊन पाहायला गेलो होतो. सरळ, साधं, म्हातारं झाड, बुंध्यात ढोली पडलेली. फळं आंबटढोण म्हणूनच प्रसिद्ध. कोकणातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. ते रायवळ झाड होतं. कोयीतून येईल तो रायवळ. गोड निघाला तर नशीब, नाहीतर लोणच्याला. हापूस हवा असेल तर हापूसचीच काडी आणायला हवी, आणि ती जिवंत हवी. सफरचंदाचंही तेच. बी आईसारखं निघत नाही. लुएलिंगच्या गाडीत खरी किंमत कशाची असेल तर त्या नावांची: बाल्डविन, वाइनसॅप, रॅम्बो. प्रत्येक नावामागे कुठल्यातरी एका मूळ झाडाचा जीव, हातातून हातात आलेला.

आणि नावं चिठ्ठ्यांवर असतात. चिठ्ठ्या भिजतात, फाटतात, सुटतात. त्या गाडीतल्या एका पिवळसर चेरीची चिठ्ठी वाटेत गहाळ झाली असं सांगतात. झाड जगलं, पण नाव आठवेना, म्हणून नवं ठेवलं: रॉयल ॲन. युरोपात त्या जातीला नेपोलियन म्हणायचे. बाजारातल्या पुठ्ठ्यावर आजही रॉयल ॲनच आहे. एक चिठ्ठी हरवली आणि बादशहाची राणी झाली.

17 नोव्हेंबर 1847 ला, म्हणजे सात महिन्यांनी, ते पोर्टलंडजवळ पोचले. कोलंबिया नदीकाठच्या द डॅल्सला गाड्या सोडून झाडं कापडात गुंडाळून होड्यांतून आणली होती. साधारण अर्धी जगली होती. त्यानंतर काही दिवसांतच जेन बाळंत झाली. मुलाचं नाव ठेवलं ऑरेगन कोलंबिया. झाडांच्या नावांबाबत इतका काटेकोर माणूस, मुलाचं नाव ठेवताना त्याने सरळ हातात आली ती पाटी लावली!

प्रवासाची ही हकिगत हेंडरसनच्या हातची नाही. ती त्याचा मुलगा आल्फ्रेडने पुढे सांगितली, म्हणून पेट्यांची खोली आणि कुंपणाच्या पट्ट्या आपल्याला ठाऊक आहेत. मुलाच्या लक्षात काय राहिलं पाहा: गाडी कशी बांधली होती ते. जेनचं मात्र एक वाक्यही माझ्या वाचनात आलं नाही. आठ मुलांचा स्वयंपाक, नववं पोटात आणि रोज संध्याकाळी झाडांचं पाणी आधी. 1851 साली ती गेली. तिची वही कुणी ठेवली असती तर तिच्यात काय असतं, असा विचार मी आजीच्या कोऱ्या पानाशी नेऊन ठेवते आणि तिथेच थांबते.

एक दंतकथा आहे, की झाडांनी भरलेली गाडी पाहून वाटेतल्या मूळच्या लोकांना वाटलं, यात देवाचा वास आहे, म्हणून त्यांनी या बिऱ्हाडाला हात लावला नाही. मला ही गोष्ट पटत नाही. ज्यांची जमीन आहे त्यांना भोळं ठरवणाऱ्या गोष्टी नंतर आलेल्यांना फार सोयीच्या असतात. त्याच 1847 च्या नोव्हेंबरअखेर, याच वाटेवर वालावालाजवळच्या मिशनवर तिथल्या मूळच्या कायूस लोकांनी हल्ला केला, कारण वसाहतवाल्यांच्या गाड्यांबरोबर आलेल्या गोवराने त्यांची मुलं पटापट मरत होती. इथल्या विलॅमेट नदीच्या खोऱ्यातली माणसं तर त्याआधीच, 1830 च्या दशकातल्या हिवतापाने जवळजवळ संपली होती. लुएलिंगला मिळालेली ती काळी, ओलसर, 'रिकामी' जमीन अशी रिकामी झालेली होती.

दुसरी गोष्ट याहून बोचरी. घराखाली माणसं लपवणारा हा माणूस ज्या मुलखात आला, तिथे गुलामगिरीला बंदी होती हे खरं, पण काळ्या माणसाने वसती केलेलीही नको होती. 1844 मध्ये तसा कायदाच केला, 1845 मध्ये मागे घेतला आणि 1849 मध्ये पुन्हा केला. आयोवात झडपेखालून ज्यांना त्याने पुढे पाठवलं, त्यांच्यातलं कुणी 1849 नंतर त्याच्यामागून ऑरेगनला आलं असतं तर कायद्याने त्यांना हाकललं असतं. इकडे सेलममध्येही गंमत झाली. तो निघून गेल्यावर ते दगडी घर न्यायाधीशाची कचेरी झालं. 1848 साली मिसुरीतल्या डॅग्ज नावाच्या मालकाचे नऊ गुलाम पळून आले, तेव्हा त्यांच्यावरून झालेली पहिली सुनावणी त्याच घरात झाली. दोन वर्षांनी न्यायालयाने पळायला मदत करणाऱ्यांवर 2,900 डॉलरचा बोजा टाकला.

मिलवॉकीत मात्र धंदा फळला. विल्यम मीक नावाच्या भागीदाराबरोबर त्याने कलमांवर कलमं केली. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी माणसांची झुंबड उडालेली, आणि फळ कुणाला दिसत नव्हतं. 1853 साली चार बुशेल, म्हणजे पाच-सहा पाट्या सफरचंदं, सॅन फ्रान्सिस्कोत 500 डॉलरला गेली असं इथल्या बागायतीच्या इतिहासात सांगतात. लुएलिंगसारखाच 1847 साली ऑरेगनला आलेला राल्फ गीर नावाचा बागायतदार पुढे म्हणाला होता, की कोलंबिया नदीत शिरलेल्या कुठल्याही जहाजाने आणली नसेल एवढी दौलत त्या एका गाडीने आणली. बागायतदार झाडांबद्दल बोलताना थोडं चढवून बोलतात, आबाही बोलायचे. तरी चालेल.

हेंडरसनला एका जागी राहवत नव्हतं. 1854 मध्ये तो कॅलिफोर्नियात गेला आणि तिथे लावलेल्या बागेला फ्रूटवेल म्हणू लागला. ओकलंड शहरात तो भाग आजही त्याच नावाने आहे. आणि मग 1859 मध्ये सगळं विकून स्वारी होंडुरासला! स्वैर प्रेम, सामाईक संसार, आदर्श समाज वगैरे वगैरे. ते काही चाललं नाही. परतला तेव्हा हातात फारसं उरलं नव्हतं. 1878 साली सॅन होजेत, जमीन साफ करता करता, गेला. होंडुरासच्या प्रकरणावर लोक मिटक्या मारत लिहितात. मला त्यात एवढंच दिसतं, की ज्याने 700 झाडं सात महिने तळहातावर आणली, त्याला चार माणसं एका वाफ्यात रुजवता आली नाहीत.

पण मला घेऊन आलेली चेरी त्याची नव्हतीच. ती त्याच्या धाकट्या भावाची, सेथची. (सेथचं आडनाव लुएलिंग नाही, लेवेलिंग. एकाच आईच्या लेकरांनी स्पेलिंगं वेगळी धरली. कागद शोधणाऱ्यांना ताप.) सेथ 1850 मध्ये आला आणि मिलवॉकीतच राहिला. त्याने एक काळी चेरी तयार केली. त्याच्या गुलामगिरीविरोधी मतांवरून शेजारी त्याला 'ब्लॅक रिपब्लिकन', म्हणजे काळ्यांची बाजू घेणारा रिपब्लिकन, म्हणून हिणवायचे, तर त्याने चेरीचं नावच ब्लॅक रिपब्लिकन ठेवलं. जी शिवी देता ती चाटूनपुसून खाल, असा त्याचा बेत. मला हा सेथ फार आवडला. म्हातारपणी त्याच्या घरी शेतकऱ्यांच्या चळवळीची माणसं जमायची. त्यांच्यातलाच विल्यम युरेन त्याच घरात राहून कायदे लोकांनी थेट मतदानाने करण्याचा घाट घालत होता, आणि ऑरेगनने 1902 मध्ये तसं केलंही. तोवर सेथ गेला होता.

सेथच्या बागेत चिनी गड्यांची टोळी होती आणि तिचा मुकादम होता आ बिंग. सहा फुटांहून उंच, उत्तर चीनकडचा. 'आ' हे नाव नव्हे, आपण 'बाळ्या', 'बाब्या' म्हणतो तशी ती हाक. बाकी त्याच्या तोंडचं जे काही उरलंय ते सेथच्या सावत्र मुलीने, फ्लॉरेन्सने सांगितलं म्हणून. तिच्याच नावाने, तिने दिलेल्या जागेवर, मिलवॉकीचं ग्रंथालय आहे. मी तिथे जाऊन बसले आहे. मागे तळं आहे, बदकं आहेत, आणि आत लहान मुलांचा गलका.

गोष्ट अशी. 1875 च्या सुमारास ब्लॅक रिपब्लिकनच्या बियांपासून आलेल्या रोपांच्या ओळी लावल्या होत्या, काही सेथ बघायचा, काही बिंग. बिंगच्या ओळीतल्या एका झाडाला अशी काही फळं लागली, की कुणीतरी म्हणालं, सेथ, याला तुझं नाव दे. सेथ म्हणाला, नाही, बिंगचं देतो. चेरी मोठी आहे, बिंगही मोठा आहे, आणि झाड त्याच्या ओळीत आहे.

मला यातलं शेवटचं कारण पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. उपकार नाही, कौतुकही नाही. झाड त्याच्या ओळीत होतं. वहीत जसं लिहितात तसं.

आता तारखा. 1882 मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेत येण्याची बंदी झाली. 1887 मध्ये, ज्या स्नेक नदीच्या काठाने लुएलिंगची झाडं आली, तिच्याच खोल दरीत 34 पर्यंत चिनी खाणकामगार ठार मारले गेले, आणि त्यासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. 1888 मध्ये नवा कायदा: देशाबाहेर गेलेल्या चिनी मजुराला परत घ्यायचं नाही. सुमारे 20,000 जण परतीचे सरकारी दाखले घेऊन मायदेशी गेले होते. ते दाखले एका रात्रीत रद्दी झाले. काहीजण तर तेव्हा जहाजांवर होते. आणि 1889 च्या सुमारास, तीसेक वर्षं राबल्यावर, आ बिंग घरच्यांना भेटायला चीनला गेला.

तो परत आला नाही.

मला हे वाचताना हसू यावं की नाही कळेना. आबा गेले तेव्हा मी घाईने गावी गेले आणि परतीचा शिक्का मिळेपर्यंत सहा आठवडे अडकले होते. खिडकीपलीकडचा माणूस रोज म्हणायचा, प्रक्रियेत आहे. मुलगी इकडे, नवरा इकडे, मी तिकडे आबांच्या ओटीवर बसून त्यांची वही वाचत होते. ही वही नीट वाचायला मिळाली ती तेव्हाच. माझा शिक्का आला. एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे हे मला समजतं. मी स्वतःला बिंगच्या ओळीत उभी करत नाहीये. पण कलमं मात्र त्या वेळी पोचत होती. बिंगच्या काड्या रेल्वेने राज्याराज्यांत जात होत्या, त्यांना कुणी दाखला मागत नव्हतं, आणि नाव असलेला माणूस समुद्रापलीकडे. तो कायदा 1943 पर्यंत टिकला. तोवर ती चेरी देशभरच्या बाजारांत पोचली होती.

गेल्या फेब्रुवारीत इथे कलमं करायला शिकवतात तिथे गेले. थंडीने बोटं बधीर, सगळे निवृत्त लोक, मधोमध टेबलावर काड्यांचे जुडगे. पाचर मारायला मला शिकवावं लागलं नाही. बोटांना आठवत होतं. शिकवणाऱ्या आजोबांनी अल्युमिनियमची पातळ पट्टी दिली आणि म्हणाले, नाव पेन्सिलने लिही, शाई वर्षभरात उडते. आबा हेच म्हणायचे. पट्टीवर मुलीने देवनागरीत लिहिलं, 'बिंग'. आमच्याकडे बिंग फक्त फुटतं, असं मी तिला सांगितलं आणि मग तो वाक्प्रचार समजावून सांगण्यात अर्धा तास गेला.

तर परवा त्याच बाजारात त्याच बाई भेटल्या. आदल्या दिवशी भर हंगामात पाऊस झाला होता. ढिगावर नेहमीची पाटी, पण भाव निम्मा. पाऊस पडला की ही चेरी पाणी पिऊन तडकते, सगळ्या चेऱ्यांत हिचीच साल आधी जाते, असं त्या वैतागून सांगत होत्या. मी एक हातात घेतली. देठापाशी चंद्रकोरीसारखी चीर, आत काळा-लाल गर. मुलीने मला कोपराने ढोसलं.

"आई, फुटलं."

आम्ही दोन किलो घेतल्या.